भोंगा झाला की मोटार सुटणार

मोटार चालवायला मी तीन महिन्यांत शिकलो. पण मोटार वेळेवर सुटली पाहिजे, एवढी साधी गोष्ट ठरवायला आख्ख्या खामगावाला एक हंगाम लागला. त्या हंगामात गावात जेवढे वाद झाले तेवढे मी पुढे कुठल्या निवडणुकीतही पाहिले नाहीत. दिवाळी अंकासाठी काही लिहा म्हटल्यावर मला तोच हंगाम आठवला. बाकी सगळी वर्षं रस्त्यावरच्या धुळीसारखी एकसारखी गेली. तो मात्र अजून अंगात आहे.

गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं, मोठे साहेब नागपूर-जबलपूरकडून बदलून यायचे. आमच्या जिल्ह्याची मांडणी अशी की कोर्ट, कचेरी, मोठा दवाखाना सगळं वर डोंगरावर बुलढाण्याला, आणि रेल्वे खाली खामगावात. मध्ये बोथ्याचं जंगल आणि घाट. म्हणजे ज्याला सरकारात काम पडलं, ज्याची तारीख लागली किंवा ज्याचं दुखणं वाढलं, त्याला आमच्या मोटारीत बसल्यावाचून गत्यंतर नव्हतं. आमचे मालक हे पक्कं ओळखून होते.

मोटार म्हणजे आजची बस डोळ्यांपुढे आणू नका. लाकडी सांगाडा, वर टप, बाजूला ताडपत्रीचे पडदे, आत बावीस माणसांचे बाक आणि त्यावर तीस-पस्तीस माणसं. पुढून हँडल मारायचं, तेव्हा इंजिन खोकत जागं व्हायचं. घाट चढताना पाणी उकळायचं, म्हणून बोथ्याला थांबून पाणी भरायचं. माझ्या शेजारच्या सीटला फर्स्ट क्लास म्हणत, कारण तिथे धूळ जरा कमी यायची आणि इंजिनाची ऊब फुकट मिळायची.

आता मोटार सुटायची कशी ते सांगतो. ती सुटायचीच नाही. ती भरायची. सगळ्या मालकांच्या मिळून रस्त्यावर चार मोटारी, दोन बुलढाण्याहून निघायच्या आणि दोन खामगावाच्या अड्ड्यावर समोरासमोर उभ्या, एक आमच्या आबाजी मालकांची, दुसरी समोरच्या मालकांची. त्या मोटारीवर इस्माईल ड्रायव्हर. आमचा दोघांचा चहा एका कपबशीत व्हायचा, पण चाकावर बसलो की आम्ही एकमेकांचे वैरी. आमचा कंडक्टर पुंडलिक सकाळपासून ओरडायचा, "चला, निंघाली, निंघाली, एकच जागा हाय." ती एक जागा दोन तास पुरायची. मोटार अर्धी भरल्यासारखी दिसावी म्हणून मालकांनी रोजावर खोटे प्रवासी ठेवलेले असत. त्यांत सदाशिव नावाचा एक दाढीवाला होता. पागोटं, काठी, मांडीवर भलंमोठं गाठोडं. पाहणाऱ्याला वाटावं, लेकीला भेटायला निघालाय. गाठोड्यात नुसता कडबा. खरे प्रवासी पुरेसे झाले की सदाशिव "अरे, चंची विसरलो" म्हणून उतरायचा आणि समोरच्या मोटारीत जाऊन बसायचा. दोन्ही मालकांची नोकरी तो इमानाने करायचा.

दोन तास असे अड्ड्यावर गेले की वेळ भरून काढायचा रस्त्यावर. पुढे जो जाईल त्याला वाटेतल्या गावांचे प्रवासी, म्हणून मी आणि इस्माईल शर्यत लावायचो. आज लिहिताना लाज वाटते. तेव्हा मिशा पिळायचो.

माघातली एक सकाळ. दोन्ही मोटारी एकदमच सुटल्या होत्या. माझ्या मोटारीत जानकाबाई नावाची माळीण होती. खामगावाच्या शिवेवर तिचा मळा. वांगी, मेथी, पालक घेऊन ती एक दिवसाआड बुलढाण्याच्या कचेरीच्या वस्तीत विकायला जायची. फर्स्ट क्लासवर भालेराव वकील होते, त्यांची कोर्टात तारीख होती आणि घड्याळ हातात धरून ते दर दोन मिनिटांनी सुस्कारा टाकत होते. घाटातल्या तिसऱ्या वळणावर इस्माईलनं मला बाहेरून ओलांडायला घेतलं. मी जागा दिली नाही. त्याच्या मोटारीचं पुढचं चाक रस्ता सोडून खाली गेलं, मोटार कलली आणि एका धावड्याच्या झाडाला टेकून थांबली. झाडाच्या खाली दरी.

मी ब्रेक मारून खाली उडी टाकली. इस्माईलच्या मोटारीतली माणसं एकेक करून मागच्या बाजूनं उतरवली. कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं, जणू आवाजानं मोटार घसरेल. मग दोर बांधला, माझ्या मोटारीनं ओढलं, साठ माणसांनी हात लावला आणि मोटार रस्त्यावर आली. इस्माईल माझ्याकडे पाहत होता, मी त्याच्याकडे.

जानकाबाईनं पदरानं कपाळ पुसलं आणि आम्हा दोघांपुढे येऊन उभी राहिली.

"मले एक सांगा बापू," ती म्हणाली, "अड्ड्यावर आमाले दोन घंटे बसोता अन् घाटात आमचा जीव घेता. तिथचा टाइम इथी काऊन काढून राह्यले?"

आम्ही दोर गुंडाळायला लागलो. भालेराव वकिलांनी मात्र खिशातून कागद काढून ते वाक्य तिथंच लिहून घेतलं. त्यांची तारीख त्या दिवशी हुकली, अशिलाचं नुकसान झालं. पण चार दिवसांनी गावच्या साप्ताहिकात त्यांचं पत्र आलं आणि त्याची सुरुवात जानकाबाईच्या वाक्यानं होती.

मग गाव पेटलं. एका अंकात पत्र, पुढच्यात उत्तर, त्याच्या पुढच्यात उत्तराला उत्तर. मोटार घड्याळावर सुटावी की भरल्यावर, यावरून हॉटेलात बाकडी सरकली. कापसाच्या जिनातले हमाल वेळेच्या बाजूचे, कारण त्यांना गावाकडून परत कामावर पोचायचं असे. अडते मालकांच्या बाजूचे, कारण त्यांच्यासाठी मोटार थांबायची. शाळेच्या मास्तरांनी सगळ्या मालकांनी मिळून पाळ्या लावाव्यात असं सुचवलं, तर त्यांना कोणीतरी विचारलं, "मास्तर, तुमी कधी दोन सवतींच्या पाळ्या लावल्या काय?" आम्ही ड्रायव्हर घाबरलेले. पाळ्या लागल्या तर चार मोटारींचं काम तीन मोटारी करतील, मग चौथ्या ड्रायव्हरनं काय करायचं? हॉटेलात मी हेच बोलायचो. पण मोटारीत एकटा असलो की धावड्याचं ते झाड डोळ्यांपुढे यायचं.

शेवटी डिप्टी कमिशनर साहेबांनी जाहीर सभा ठेवली. शाळेच्या पटांगणात मांडव घातला. एवढी माणसं मी यात्रेतही पाहिली नव्हती. झाडांवर माणसं, भिंतीवर माणसं. साहेब जबलपूरकडचे, हिंदी बोलत, पण मराठी समजायची.

आमचे आबाजी मालक आधी उठले. उंच, गोरे, शब्दाला वजन असलेला माणूस. ते म्हणाले, "साहेब, रिकामी मोटार चालवाले कोनालेबी जमत नाही. इंजिनाले तेल लागते, ते घड्याळात भरून येत नाही. अन् घड्याळं तरी हायेत कोनाजवळ? कास्तकार सूर्य पाहून घरून निंघते. तो आला अन् मोटार गेलेली, तं त्याचा तळतळाट कोन घेईन?"

टाळ्या पडल्या. मलाही ते पटलं. खोटं कशाला सांगू, त्यात तथ्य होतं. भालेराव वकील बोलले, चांगलं बोलले, पण फार वेळ बोलले. माणसं चुळबुळ करू लागली. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं जानकाबाई उठली. सभेत बाईनं बोलायचा तो काळ नव्हता. मांडवातल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"घड्याळ माह्याजवळबी नाई," ती म्हणाली. "पन जिनाचा भोंगा त मले मळ्यात ऐकू येते. साऱ्या गावाले ऐकू येते. सकायचा सातचा भोंगा झाला की मोटार सुटली पाहिजे. तुमची मोटार भरते तवरक माही मेथी मरते साहेब."

साहेब हसले. त्यांनी बाजूच्या तहसीलदारांशी थोडं बोलून घेतलं आणि मग म्हणाले, "पंद्रह दिन करके देखेंगे. एक मोटर भोंगे पर छूटेगी, भरी हो या खाली. कौन मालिक तैयार है?"

मालकांच्या रांगेत सगळे आपापल्या जोड्यांकडे पाहू लागले. साहेबांनी पुन्हा विचारलं. आणि त्या शांततेत मी उठलो. का उठलो हे मला अजून सांगता येणार नाही.

"मी चालवतो साहेब," मी म्हणालो.

"मोटार कोनाची बे?" मागून कोणीतरी ओरडलं आणि सगळा मांडव हसला.

मोटार मालकांची होती. मी त्यांच्याकडे पाहिलं. सगळ्या गावानं त्यांच्याकडे पाहिलं. आबाजी मालकांचा चेहरा लाल झाला, पण एवढ्या माणसांत नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "चालवू द्या," ते म्हणाले. "पंधरा दिवसांत हौस फिटन याची."

मांडवाबाहेर मात्र त्यांनी मला बाजूला घेतलं. "नामदेवा, पंधराव्या दिवशी मोटार रिकामी दिसली, तं सोळाव्या दिवशी तू मले दिसू नोको."

पहिल्या दिवशी अड्ड्यावर जत्रा. प्रवासी कमी, पाहणारे जास्त. सातचा भोंगा झाला तेव्हा मोटारीत तीन माणसं होती: जानकाबाई, भालेराव वकील आणि एक म्हातारे पेन्शनर, ज्यांना कुठेच जायचं नव्हतं, ते नुसते पाहायला बसले होते. समोरच्या मोटारीत सदाशिव गाठोडं घेऊन ऐटीत. पुंडलिकानं हँडल मारलं. मी चाक फिरवलं. "अरे, गेला रे हा रिकामाच," कोणी तरी म्हणालं, आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या. आयुष्यात मी पुष्कळ भरलेल्या मोटारी चालवल्या, पण त्या तीन माणसांच्या मोटारीनं जसा माझा ऊर भरला तसा दुसऱ्या कोणत्याच मोटारीनं भरला नाही. शर्यत नाही, घाई नाही. घाटात मी पहिल्यांदा झाडं पाहिली. पळस फुलायला लागला होता आणि इतकी वर्षं मला तो दिसलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सात माणसं. तिसऱ्या दिवशी बारा. चौथ्या दिवशी कोर्टाची तारीख असलेले सगळे अशील आमच्याकडे. सहाव्या दिवशी भोंग्याच्या आधीच मोटार भरली आणि इस्माईलची मोटार सदाशिवला घेऊन उभीच राहिली. मग लोकांना त्याचा नाद लागला. भोंग्याचा पहिला सूर निघाला की अड्ड्यावर माणसं पळत सुटायची, कोणी धोतराचा सोगा सांभाळत, कोणी चहा अर्धा टाकून, आणि बसलेले लोक त्यांना हात देऊन ओढून घ्यायचे. मोटार हलली की आत हशा. म्हाताऱ्या बायासुद्धा खेळात जिंकल्यासारख्या बसायच्या. मी भोंपू वाजवत बाजारातून निघायचो, आणि दुकानदार गादीवरून हात वर करायचे. मला वाटायला लागलं की मोटार मी नाही, सगळं गावच चालवतंय.

डोक्यात वारं गेलं होतं म्हणा. नवव्या दिवशी त्या वाऱ्यानंच माझा घात केला.

बोथ्याच्या अलीकडे एक गाडीवाट रस्त्याला मिळते. त्या वाटेवर, रस्त्यापासून चांगली लांब, एक बैलगाडी येत होती. गाडीपुढे एक माणूस पळत होता आणि पटका हलवत होता.

"थांब रे," पुंडलिक म्हणाला. "कोनी आजारी दिसून राह्यलं गाडीत."

मी पाहिलं. गाडी पोचायला दहा मिनिटं तरी लागली असती. दहा मिनिटं उशीर म्हणजे बुलढाण्याच्या अड्ड्यावर उभे असलेले मालकांचे लोक घड्याळ दाखवून हसणार. "मागून इस्माईल येते नं," मी म्हणालो आणि मोटार थांबवली नाही. आरशात तो माणूस काही वेळ पळताना दिसला, मग धुळीत दिसेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी इस्माईल माझ्याजवळ आला. चहा त्यानं मागवला नाही.

"काल गाडीवाटेवर गोणाजी नावाचा माणूस होता," तो म्हणाला. "बायकोले कळा लागून राह्यल्या होत्या, बाळ अडलं होतं. माही मोटार तिथी पोचली तवा दोन घंटे झाले होते. म्या सारे पॅसेंजर उतरोले अन् तिले दवाखान्यात नेलं. बाई वाचली."

"अन् लेकरू?"

इस्माईलनं नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाला, "तू थांबला असता तं वाचलं असतं, असं मी म्हनत नाई. डागदरबी म्हनला नाई." त्याच्या या बोलण्यात दया होती, म्हणूनच ते जास्त लागलं.

त्या दिवशी मोटार गच्च भरली होती. लोक हसत होते आणि मला त्यांचा हसण्याचा आवाज सहन होत नव्हता. बुलढाण्याला पोचल्यावर मी जानकाबाईला सगळं सांगितलं. का तिलाच, ते माहीत नाही. ती वांग्यांवर पाणी शिंपडत होती.

"भोंग्याचं म्याच काढलं होतं," ती म्हणाली. "पन भोंग्याले डोळे नसते नामदेवा. तुले होते."

मी चाक सोडायचं ठरवलं होतं. पण दिलेला शब्द होता, पंधरा दिवस पुरे करायचे होते, म्हणून चालवत राहिलो.

बाराव्या दिवशी आबाजी मालकांना स्वतःला बुलढाण्याला जायचं होतं. कचेरीत परवान्याचं काम, साहेबांनी दहाची वेळ दिलेली. पुंडलिकानं फर्स्ट क्लासची जागा पुसून ठेवली. सात व्हायला आले, मालक नाहीत. मोटार भरली. सगळ्यांना ठाऊक की मालक यायचे आहेत, आणि सगळ्यांचे डोळे माझ्या पाठीत रुतलेले.

भोंगा झाला.

मालक बाजाराच्या टोकाला दिसले. छत्री वर करून, झपाझप चालत. पळणं त्यांच्या इभ्रतीत बसत नव्हतं. पंचवीस-तीस पावलांचं अंतर. भोंगा वाजून थांबला.

"नामदेवा, मालक," पुंडलिक हळूच म्हणाला.

मला त्या क्षणी मालक दिसलेच नाहीत. पटका हलवत पळणारा माणूस दिसला. त्याच्यासाठी मी थांबलो नव्हतो. आता मोटारीच्या मालकासाठी थांबलो, तर मी कोण ठरतो? नोकरी जाईल हे कळत होतं. घरी म्हातारी आई, बायको, दोन मुली. मी गिअर टाकला.

बाजार ओलांडून आम्ही शिवेवर आलो तेव्हा मागच्या बाकावरून कोणी तरी हलकेच म्हणालं, "बाप्पा, हा त मालकालेबी सोडून आला." आणि मग जो गलका झाला तो घाटापर्यंत थांबला नाही. मी मात्र समोरच्या रस्त्यावरून नजर हलवली नाही.

पुढचं मला इस्माईलनं सांगितलं. मालक नाइलाजानं त्याच्या मोटारीत चढले. पुंडलिकासारखाच तिथला कंडक्टर ओरडत होता, "निंघाली, एकच जागा हाय." मालक बसले. अर्धा तास गेला, एक तास गेला. शेजारी सदाशिव गाठोडं घेऊन बसलेला. आबाजी मालक खोट्या प्रवाशांशी कधी बोलत नसत, ते काम मुनीम पाहायचा, म्हणून सदाशिवानं त्यांना ओळखलं नाही. थोड्या वेळानं त्यानं आपुलकीनं विचारलं, "काका, तुमीबी रोजावर बसले काय?"

मालक बुलढाण्याला पोचले तेव्हा साहेब दौऱ्यावर निघून गेले होते.

ते सरळ अड्ड्यावर आले. मी मोटारीपाशी उभा होतो. मालक काय करतात ते पाहायला थांबलेले जानकाबाई, वकील, पुंडलिक पुढे सरकले. मी मोटारीच्या हत्यारांची पिशवी त्यांच्यापुढे धरली, म्हणजे ड्रायव्हर नोकरी सोडतो असा त्याचा अर्थ.

मालकांनी पिशवीकडे पाहिलं. "म्या हात केला, तुले दिसला नव्हता काय?"

"दिसला मालक."

"मंग?"

मी गोणाजीची गोष्ट सांगितली. सगळी. मागून इस्माईल येते असं म्हणालो होतो, तेही सांगितलं. "त्याच्यासाठी थांबलो नाई, तं तुमच्यासाठी कसा थांबू?"

मालक बराच वेळ छत्रीच्या टोकानं माती उकरत राहिले. मग पिशवी न घेताच मोटारीत जाऊन बसले. फर्स्ट क्लासवर नाही, मागच्या बाकावर.

पंधरा दिवसांनी पुन्हा सभा भरली. या वेळी मांडव पुरला नाही. साहेबांनी आधी मला बोलायला सांगितलं. लोकांना वाटलं मी विजयाचं भाषण करणार. मी गोणाजीचं सांगितलं आणि म्हणालो, "मोटार टायमावर चालते, हे खरं. पन ती मी चालवली म्हनून एक लेकरू गेलं का काय, हे मले कधीच कळनार नाई." मांडवात कुजबुज सुरू झाली. आमच्या विरुद्ध असलेले अडते लगेच उठले, "पाहा साहेब, आमी सांगत होतो." ते सगळं पंधरा दिवसांचं काम माझ्याच तोंडानं वाहून चाललं होतं.

तेवढ्यात मागून एक माणूस पुढे आला. काळासावळा, डोक्याला तोच पटका. कोणी त्याला बोलावलं नव्हतं. गोणाजी बोथ्याकडून पायी आला होता.

"मी बोलू काय?" त्यानं विचारलं. साहेबांनी होकाराची मान डोलावली.

"मोटार टायमावरच पाहिजे," गोणाजी म्हणाला. "मले टाइम ठाऊक असता, तं मी आंधी निंघालो असतो. बायकोले कळा पहाटेच सुरू झाल्या होत्या. पन आमच्याकडे मोटार कधी सकाळी येते, कधी दुपार करते. म्हनून वाट पाहत बसलो. खामगावात भोंगा होते, पन आमच्या जंगलात तो ऐकू येत नाई. आमालेबी कोनी तरी सांगा नं, मोटार कवा येते ते."

एवढं बोलून तो बसला. माझ्याकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही.

मग आबाजी मालक उठले. सगळे सरसावून बसले. "मी त्या दिवशी समोरच्या मोटारीत दीड तास बसलो," ते म्हणाले. "एवढी वर्षं माह्या मोटारीत लोकाले बसोत आलो, पन बसून पाह्यलं नव्हतं. माह्या दोनी मोटारी टायमावर लावा. अन् याले," त्यांनी माझ्याकडे बोट केलं, "मी काढनार नाई. पन दुखणेकऱ्यासाठी थांबाचा हुकूम कागदावर लिहून द्या. तो फक्त लिहिलेलंच पायते."

हशा आणि टाळ्या एकदमच आल्या. इतका वेळ दाबून धरलेलं सगळं मोकळं झालं. भालेराव वकील माझा हात सोडेनात. साहेबांनी हुकूम दिला: सगळ्या मालकांच्या मोटारींच्या पाळ्या, ठरलेल्या वेळा, आजारी माणसासाठी थांबायची मुभा, आणि वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर वेळेची पाटी. समोरच्या मालकांनीही खाली मान घालून तो मान्य केला.

आमची भीती मात्र खरी ठरली. पाळ्या लागल्यावर एक मोटार जास्तीची झाली आणि ती इस्माईलची निघाली. तो देऊळगाव राजाकडे जालन्याच्या मोटारीवर गेला. जाताना म्हणाला, "तुह्या भोंग्यानं माही मोटार खाल्ली बे," आणि हसून गळ्यात पडला. ज्या ड्रायव्हरनं सगळे प्रवासी उतरवून त्या बाईला नेलं त्यालाच रस्ता सोडावा लागला. याचा हिशेब मला अजून लागत नाही. सदाशिवला जिनात काम मिळालं. गाठोडी वाहायची त्याला सवय होतीच.

पाट्या लावायचं काम मी मागून घेतलं. पुंडलिक आणि मी एका सुटीच्या दिवशी मोटारीत खांब टाकून निघालो. गोणाजीच्या गाडीवाटेपाशी पोचलो तेव्हा तो कुदळ घेऊन आधीच उभा होता. खड्डा त्यानंच खणला. खांब उभा केला, माती पायानं दाबली, दगड ठोकले. मग पाटीकडे पाहत म्हणाला, "काय लिहून हाय?"

"बुलढाण्याकडे साडेआठ. खामगावाकडे चार."

"साडेआठ म्हंजे सूर्य कोठी?"

मी पुंडलिकाकडून वकिलांनी दिलेलं घड्याळ घेतलं. साडेआठला थोडा अवकाश होता. आम्ही तिघं तिथंच खांबाजवळ बसलो. गोणाजीनं चंची काढली, मला पान दिलं. काटा साडेआठवर आला तेव्हा मी सांगितलं. खांबाची सावली जिथवर पडली होती तिथं त्यानं एक दगड रोवला.

"थंडीत सावली आखीन लांब पडन," तो म्हणाला. "तवा दुसरा दगड लावीन."

त्यानं कुदळ खांद्यावर टाकली आणि पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"सावली दगडावर यायच्या आंधी मी इथी उभा राहीन," गोणाजी म्हणाला. "पन एखाद्या दिवशी गाडी मागं राह्यली, तं थांबशीन नं?"

"थांबीन," मी म्हणालो.

चाक सोडेपर्यंत त्या गाडीवाटेपाशी मी रोज मोटार उभी केली. कोणी असो वा नसो, आधी वाटेच्या टोकापर्यंत नजर टाकायची आणि मगच निघायचं.